सतरा चुलींचा राखणदार

तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला रविवार, दुपारची भरती. रक्कम अठरा नारळ, सोललेले, शेंडी राखून. ठिकाण सगुण परब यांचं अंगण, धाकटं जुवं, तालुका पेडणे. हजर: जुव्यावरच्या बाकीच्या सतरा घरांतली सगळी चालती-फिरती माणसं, पेडण्याहून आलेला अग्निशामक गाडीचा चालक, एक मांजर आणि मी. वर्ष सांगायचं तर गोवा राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि आमच्या जुव्याला पूल होऊन थोडेच महिने.

त्या अठरा नारळांपैकी शेवटी किती दिले गेले आणि कोणाला, ते मी सांगणारच आहे. म्हापशाच्या एका संस्थेत मी जमाखर्च लिहितो. मधलं सगळं मांडल्याशिवाय बाकी काढायची मला सवय नाही. आणि इथे मधलं सगळं म्हणजे सगुणआपा.

सगुणआपा दुसऱ्यांच्या चुली हुंगायचा.

जुवं म्हणजे बेट. आमचं जुवं नदीच्या मधोमध आहे, भरतीला ते थोडं लहान होतं आणि ओहोटीला थोडं मोठं. दिवेलागणीला वारा पडला की घराघरांतला धूर वर जायचा नाही. माडांच्या कमरेएवढ्या उंचीवर तो आडवा पसरायचा, आणि त्या निळसर थरावर नुसती कौलं आणि झावळ्या तरंगताना दिसायच्या. जणू घरं खाली सोडून छपरंच कुठेतरी निघाली आहेत. अशा वेळी त्या धुरातून एक उंच, वाळकी आकृती यायची. खाकी अर्धी विजार, खांद्यावर ओला पंचा. दारात हाक नाही, खोकला नाही, थेट स्वयंपाकघरात. चुलीसमोर उकिडवा बसून आपा डोळे मिटायचा, नाक वर करायचा, थोडा वेळ देवळात बसल्यासारखा बसायचा, आणि मग विचारायचा,

"चूल निवली गो?"

हे विचारायचं संध्याकाळी, म्हणजे चूल ढणढण पेटलेली असताना.

माझी पत्नी डिचोलीची. तिच्या माहेरी परका पुरुष स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबतो. लग्नानंतरच्या पहिल्याच संध्याकाळी तिने मागे वळून पाहिलं तर चुलीपाशी डोळे मिटून एक अनोळखी म्हातारा. ती अशी किंचाळली की मी विहिरीवरून घागर टाकून धावत आलो. आपा जागचा हलला नव्हता. उलट खूश दिसत होता.

"बरी बोंब मारता," तो मला म्हणाला. "खणखणीत. ह्या घराची काळजी ना."

मग पुन्हा नाक वर करून म्हणाला, "पण आमटी करपल्यासारकी दिसता."

नव्या नवरीला करपलं म्हणणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. तिने पळीभर आमटी वाटीत ओतून त्याच्यापुढे आदळली. "करपलंय का बघा!" आपाने ती सावकाश प्यायली, विचार केला. "ना. करपूंक ना. तरी लक्ष दवर." आणि उठून धुरात नाहीसा झाला. पुढे हा आमच्याकडचा नेमच झाला. आपाने यायचं, शंका काढायची, पत्नीने रागाने वाटी पुढे करायची, आपाने चव घेऊन निर्दोष सोडायचं. प्रत्येक घरी असंच चालायचं, फक्त रागाचं प्रमाण वेगळं.

आपा जुव्याच्या आग आणि बचाव दलाचा प्रमुख होता. त्याला कोणी नेमलं, हे कोणालाच आठवत नाही. तरुणपणी तो मुंबईला गोदीतल्या बंबावर कामाला होता. तिथे त्याने किती आगी विझवल्या असं विचारलं की तो म्हणायचा, "आगी कितल्योय आसतल्यो. पण त्या बंबाची घांट मी घासतालों. तोंड दिसतालें तितूंत." आई आजारी पडली म्हणून तो परत आला. आई गेली, तो राहिला. लग्न राहून गेलं. का राहिलं विचारलं तर म्हणायचा, "उजो काय सांगून येता?" आग सांगून येत नाही हे खरं, पण ह्या उत्तराचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

दल कशासाठी, हा प्रश्न मात्र जुव्यावर कोणाला पडायचा नाही. मोठा बंब पेडण्याला. जुव्यावर यायला एक लहान गॅसोलीन, म्हणजे फेरीबोट. तिच्यात माणसं, सायकली आणि शेळ्या मावायच्या. बंब येणार कसा, पोहत? पूर्वी घरं माडाच्या चुडतांनी शाकारलेली. एक ठिणगी उडाली की शेजारची दोन घरं धरूनच हिशेब करावा लागे. पुढे कौलं आली, पण गवताच्या कुड्या, म्हणजे गंज्या, होत्याच, गोठे होतेच. आपाने सगळं जुवं वाटून टाकलं होतं. प्रत्येक घराच्या पडवीत खिळ्याला एक लाल बाल्दी, तिला दुसरं काम नाही. भरतीचं पाणी शेतात घ्यायचं जे लाकडी दार असतं, त्याला आम्ही मानस म्हणतो. त्या मानशीपासून आगीपर्यंत माणसांची वळ, म्हणजे रांग. भरलेल्या बाल्द्या उजव्या हाताने पुढे, रिकाम्या डाव्या हाताने मागे. कोणी शिडी, कोणी ओली गोणपाटं. नदीत कोणी पडला तर होडी आणि सुंभाचा दोर घेऊन जाणारे दोघे. गुरांची दावी सोडायला एक. चालता न येणाऱ्यांनी फणसाखाली बसून पोरांना मोठ्याने गोष्ट सांगायची, म्हणजे ती आगीकडे जाणार नाहीत.

ह्यात गैर काही नव्हतं. गैर इतकंच, की आपा माणसांना त्यांच्या कामाच्या नावानेच हाक मारायचा. भर बाजारात, पोदेर पाव मोजून देत असताना, मागून आवाज यायचा, "काय रे शिडये, पाय बरो जालो?" आणि बाबनी सावंत, ज्याच्या पडवीत शिडी टांगलेली असे, निमूट सांगायचा की पाय बरा आहे. बाबनीची भावजय शेवंतीवैनी ही 'पयली बाल्दी', म्हणजे आगीच्या सगळ्यांत जवळची. माझ्याकडे माणसं मोजायचं काम, म्हणून मी 'मोजणी'. माझ्या पत्नीसमोर, पाहुण्यांसमोर, एकदा तर संस्थेच्या अध्यक्षांसमोर.

लग्नं ठरली की आपा बेचैन व्हायचा. मुलगी मोरजीला दिली, स्थळ चांगलं, सगळे आनंदात, आणि हा मांडवाच्या खांबाला टेकून सुस्कारे सोडायचा. "पांचवी बाल्दी गेली." सून येणार असली की मात्र सगळ्यांच्या आधी नदीकाठी उभा. मुलीचा रंग नाही, नाक नाही, तो हात पाहायचा. एका वरमाईने चिडून विचारलं, "आपा, सून पळयतंस की बैल?" तो शांतपणे म्हणाला, "बैल बाल्दी धरूक शकना मगो."

त्याचं एक वाक्य जुव्यावर देवाच्या गाऱ्हाण्यासारखं चालायचं: "आदीं पाणी, मगे गजाली." आधी पाणी, मग गप्पा. वाद निघाला, रडणं निघालं, हुंड्यावरून रुसवा निघाला, आपाचं हेच. भाषेवरून सगळीकडे रान पेटलं तेव्हा आमच्याकडेही दलाच्या खोपटीवर पाटी मराठीत असावी की कोकणीत, यावर दोन संध्याकाळी भांडण झालं. तिसऱ्या दिवशी आपाने पाटी नुसती लाल रंगवून टांगली, अक्षर एक नाही. "उजो लागल्यार वाचूक वेळ खंय आसता?"

वर्षातून एकदा, तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी, कवाईत व्हायची. दर वर्षी पाळीने एका घराला 'आग' लागायची. त्याचे नियम होते. त्या घरच्याच माणसाने दारात उभं राहून बोंब मारायची, ती ऐकून आपा शंख फुंकायचा, शंख ऐकून वळ धरायची. सगळं आटोपलं की मी दारात जाऊन विचारायचं, "घरचीं माणसां कितलीं?" बोंब मारणाऱ्याने आकडा सांगायचा आणि मी तो अंगणात मोजून पटवायचा. शेवटी ज्याचं घर 'जळलं' त्याने मदतीला आलेल्या प्रत्येक घराला एक नारळ द्यायचा. घरच्यांना मात्र नारळ नाही. आपल्याच घराची आग विझवली म्हणून कोणी बक्षीस घेतं का?

ह्या शेवटच्या कलमावर एक वर्षी चांगलाच तंटा झाला. आग शेवंतीवैनीच्या घराला होती. बाबनी आणि त्याचा थोरला भाऊ, म्हणजे शेवंतीवैनीचा नवरा, यांच्यात वाटण्या झालेल्या, घराच्या मधोमध भिंत घातलेली. बाबनीने नारळाला हात पुढे केला.

"मी वेगळो," तो म्हणाला. "भिंत दिसना?"

"जेवतना भिंत खंय वता?" शेवंतीवैनीने विचारलं. तिचा आवाज साध्या बोलण्यातही पलीकडच्या काठावर पोचतो. "दोन वेळां माझ्या चुलीकडे ताट घेवन बसतंस, आणि नारळाक वेगळो?"

प्रकरण आपाकडे गेलं. आपा बाबनीच्या अर्ध्या घरात गेला, हुंगला. मग शेवंतीवैनीच्या अर्ध्यात गेला, हुंगला. बाहेर येऊन कडक आवाजात निकाल दिला: "भिंतीचें काय सांगू नाका. ज्यांची चूल एक, तीं घरचीं. नारळ ना." बाबनीने हात मागे घेतला आणि जुव्यावर तो कायदा झाला.

आता खरी आग. ती एकदाच लागली, आणि दलाने काय केलं ते सांगणं भाग आहे.

त्या वर्षीची कवाईत माझ्या घरी झाली होती. आठवडा उलटतो न उलटतो तोच भर दुपारी बाबनीच्या गवताच्या कुडीने पेट घेतला. कोणीतरी ओरडलं, आपाने शंख फुंकला, आणि सगळं जुवं शिकवल्याप्रमाणे धावलं, आपापल्या जागेवर. जागा म्हणजे कवाईतीतल्या. मी ओसरीवर झोपलो होतो. जाग आली ती तोंडावर पहिली बाल्दी पडल्यावर. शेवंतीवैनीचा नेम उत्तम. दुसरी खिडकीतून आत, तिसरी देव्हाऱ्याच्या भिंतीवर. शिडी माझ्या छपराला लागली, दोघे वर चढून कौलं ओली करू लागले. मी ओरडत होतो की आग इथे नाही. शिडीवरून बाबनी ओरडत होता, त्याला उंचावरून स्वतःचंच गवत जळताना दिसत होतं.

"आपा, कुडी थंय जळता! माझी कुडी!"

आपा माझ्या दारात, कुडीकडे पाठ करून, हात वर धरून उभा. "गजाली नाका! आदीं पाणी!"

माझं घर संपूर्ण वाचलं. कुडीची राख झाली. आपाने शेवटी मागे वळून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "वळ बरी आसली." त्यावर हसावं की रडावं हे न कळून बाबनी शिडीवरच बसून राहिला. त्या उन्हाळ्यात त्याच्या म्हशीला रोज सकाळी दारात हिरव्या गवताचा एक भारा मिळायचा. कोण टाकतं ते बाबनीने कधी विचारलं नाही.

पाळी सगळ्या घरांची आली, काहींची दोनदा आली. एकाच घराला कधी आग लागली नाही, ते आपाचं. मी मोजणी, म्हणून मी एकदा विचारलंही.

"माझ्या घरांत बोंब कोण मारतलो?" आपा म्हणाला. "घरच्यान मारूक जाय. नेम आसा."

नेम होताच. 

मग पूल झाला. गॅसोलीन बंद पडली, काठावर उलटी करून ठेवलेल्या होड्यांवर बगळे बसू लागले. एक दिवस पेडण्याहून लालभडक अग्निशामक गाडी पूल ओलांडून आली. सगळं जुवं तिच्याभोवती. चालक कारापूरचा, गोल चेहऱ्याचा, मनमिळाऊ माणूस. आपाने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "पाणी खंयचें?"

"टाकीतलें, आपा."

"आणि वळ?"

"वळ कित्याक? नळी आसा. दुकानातल्या फोनावरसून एक फोन करा, मी आयलोंच."

आपाने नळीच्या पितळी तोंडावरून हात फिरवला. त्यात तोंड दिसतं का, ते वाकून पाहिलं. मग आम्हां सगळ्यांकडे वळून म्हणाला, "बरी आसा. आमच्यापरस बरी." गाडी आमच्यापेक्षा बरी, हे तो मनापासून म्हणाला, म्हणून ऐकायला जड गेलं.

देवळात बैठक झाली आणि दल बंद करायचं ठरलं. विरोध कोणाचाच नव्हता, खुद्द आपाचाही नाही. शिडी सुपारी काढायला गेली. लाल बाल्द्यांतून कोणी झेंडू लावला, कोणी कोंबडीला अंड्यांवर बसवलं. तीन घरांत गॅसही आला. त्यांतल्या एका सुनेने तर आपाला दारातच सांगितलं होतं, "आता येऊ नकात हां आपा, धूरच नाही." आणि खरंच, दलच नाही तर कोणाच्या स्वयंपाकघरात शिरायचा त्याला काय हक्क? बैठकीच्या दिवसापासून त्याने फेरी बंद केली.

पहिल्या संध्याकाळी बरं वाटलं. दुसऱ्या संध्याकाळी पत्नीने आमटी ढवळता ढवळता दोनदा दाराकडे पाहिलं. धूर नेहमीसारखा माडांत पसरला होता, छपरं नेहमीसारखी तरंगत होती, पण त्या निळ्या थराला आता कोणी बाजूला सारत नव्हतं. तो तसाच, न दुभंगता, दिवे लागेपर्यंत पडून राहायचा. मग एक दिवस शेवंतीवैनीचं कालवण खरोखरच करपलं. ती अंगणात येऊन ओरडली, "करपलां! सांगूक कोण ना!" पलीकडच्या काठावर एक कुत्रं भुंकलं.

त्या रात्री जेवताना पत्नीने पळी हातात धरून मला विचारलं, "तुम्ही एवढे हिशेब करता. आपा आपल्याकडे एक वाटी घ्यायचा. शेवंतीवैनीकडे माशाचा एक तुकडा. गावकरांकडे पेज. सतरा घरांत असं थोडं थोडं. मग तो जेवायचा कधी?"

मी जमाखर्च लिहिणारा माणूस. ही बेरीज माझ्या डोळ्यांसमोर इतकी वर्षं उघडी पडली होती. प्रत्येक घर समजत होतं की म्हातारा आपल्याकडेच तेवढी चव घेतो.

"घरी काय रांधतो तो?" तिने विचारलं.  आमच्या सगळ्यांच्या चुली पाहिलेल्या ह्या माणसाची चूल आमच्यापैकी कोणीच पाहिली नव्हती.

पत्नीने हे सकाळी विहिरीवर शेवंतीवैनीला सांगितलं.  शेवंतीवैनी घागर तिथेच ठेवून तडक आपाच्या अंगणात गेली. वाटेत तिने मलाही ओढून नेलं.

आपा पायरीवर बसून सुंभाचा जुना दोर उसवत होता.

"ह्या वर्साची कवाईत उरल्या," शेवंतीवैनी म्हणाली.

"दल बंद जालां गो."

"बंद जांवं. तुळशीचें लगीन जालां न्हय? मगे? काय रे मोजणी, पाळी कोणाची?"

"सगळ्यांची झाली," मी म्हटलं. "एकच घर राहिलंय."

आपाने दोर खाली ठेवला. "माझ्या घरांत बोंब कोण मारतलो?"

"तूं नारळ सोलूक लाग," शेवंतीवैनी म्हणाली आणि घागर आणायला निघून गेली.

तर त्या रविवारी ते अठरा नारळ. सतरा घरांचे सतरा, आणि पाहुणा म्हणून बोलावलेल्या त्या चालकाचा एक. आपाने ते पायरीवर ओळीने मांडले होते. खाकी विजार धुतलेली, पंचा ओला. झेंडू उपटून, कोंबड्या उठवून, लाल बाल्द्या परत आल्या होत्या. भरतीचं पाणी मानशीपर्यंत चढलं होतं. ऊन पिकलेल्या भातासारखं पिवळं. वळ मानशीपासून आपाच्या अंगणापर्यंत उभी राहिली, आणि मग काहीच होईना. बोंब येईपर्यंत शंख नाही, हा नेम. आपा अंगणाच्या मधोमध शंख हातात धरून, कधीच न येणारी हाक ऐकायला उभं राहावं तसा उभा. पाण्यावरून एक खंड्या गेला.  मला वाटलं, आता आम्ही असेच उभे राहणार, बाल्द्या हातात घेऊन, ओहोटी लागेपर्यंत, रात्र पडेपर्यंत, आणि त्यातही काही बिघडणार नाही.

"पयली बाल्दी खंय गेली?" आपा एकदम म्हणाला. वळीतली शेवंतीवैनीची जागा रिकामी होती.

आणि तेव्हा त्याच्याच घरातून आवाज आला.

"उजो लागलो गेऽऽ! आमच्या घराक उजो लागलो! धांवात रेऽऽ!"

तो आवाज अंगणावरून, वळीवरून, मानशीवरून नदीपार गेला आणि तिथून पुन्हा आमच्याकडे आला. आमच्या घराक. शेवंतीवैनी आपाच्या दारात, कंबरेला पदर खोचून उभी होती.

शंख वाजला नाही. तो आपाच्या छातीपर्यंत आला होता, तिथेच थांबला. ओठ हलत होते.

शिडीवरून बाबनी ओरडला, "आपा! आदीं पाणी!"

आणि सगळी वळ एका सुरात म्हणाली, "मगे गजाली!"

तेव्हा कुठे शंख वाजला, अर्धा वारा, अर्धा ओला. बाल्द्या हलल्या. मला सांगायला आनंद वाटतो की ह्या वेळी पाणी बरोबर घरावर पडलं.

सगळं आटोपल्यावर मी माझ्या कामाला गेलो. दारातून आतलं स्वयंपाकघर दिसत होतं. चूल शेणाने सारवलेली, कडेला पांढरी रांगोळी, भिंत काजळीचा एक डाग नसलेली. आणि चुलीच्या आत, जिथे लाकडं असायची तिथे, एक मांजर अंग गोळा करून गाढ झोपलेलं. एवढा शंख, एवढं पाणी, त्याची झोप मोडली नव्हती. त्या जागी त्याला कधी चटका बसला नसावा.

मी घसा साफ केला. "घरचीं माणसां कितलीं?"

शेवंतीवैनीने त्या मांजराकडे पाहिलं, मग बाहेर वळीकडे. "मोज तूंच," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

आपा नारळ वाटायला लागला. नेमाने पहिला नारळ पहिल्या बाल्दीला. शेवंतीवैनीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"घरच्यांक नारळ ना."

"तूं खंयची घरची?" आपाचा आवाज जरा चढला. नेमाचा प्रश्न होता. "तुजी चूल थंय, माझी हांगा."

"तुजे चुलींत मांजर न्हिदलां सगुणा, तिची गजाल नाका. ज्यांची चूल एक, तीं घरचीं. हो निकाल कोणाचो?"

"माझो."

"तूं जेवतंस खंय?"

आपाने नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला.

"माझ्याकडे नुस्त्याचो कुडको. हिच्याकडे आमटी. थंय पेज. सतरा चुलींचें खाता तो खंयचे चुलीचो? सांग, हुंगून सांग!"

आपा बाबनीकडे वळला. बाबनीने हात मागे घेतले. "माका तुवेंच शिकयलां, आपा. भिंतीचें काय सांगू नाका." आपा वळीच्या बाजूने एकेकापुढे नारळ धरत गेला, पार मानशीपर्यंत, आणि एकेकाचे हात पाठीमागे जात राहिले. ज्या सुनेच्या घरी गॅस होता तिनेही नाही घेतला. "गॅसावरचंही करपतं, आपा," ती म्हणाली. "येत जा." माझ्यापुढे आला तेव्हा तो थांबला. त्याने मला पहिल्यांदाच, आणि शेवटचंच, माझ्या नावाने हाक मारली. मीही हात मागे नेले.

शेवटी उरला बांधावर उभा असलेला चालक. त्यानेही हसत हात मागे नेले.

"तुजी चूल खंय?" आपाने विचारलं.

"कारापुरांत."

"मगे घे," आपा म्हणाला, आणि नारळ त्याच्या हातात कोंबून ओल्या पंचाने तोंड पुसू लागला. बराच वेळ पुसत होता.

आत शेवंतीवैनीने मांजराला उठवून चहासाठी चूल पेटवायला घेतली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या छपरातून धूर निघाला, थोडा वर गेला, आणि मग खाली येऊन दिवेलागणीला बाकीच्या चुलींच्या धुरात मिसळला.

एकूण नारळ अठरा. दिला एक, अग्निशामक गाडीच्या चालकास. बाकी सतरा, घरातच.